नऊ वारांचे माप

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने मुलींसाठी पारंपरिक वेशभूषेचा कार्यक्रम ठेवला होता. आमची नात त्यात भाग घेणार म्हणून तिच्या आईने बाजारातून शिवलेली नऊवारी आणली. पाकिटावर लहान, मध्यम, मोठी आणि अतिमोठी अशी चार मापे छापलेली होती आणि 'मध्यम'पुढे खूण केलेली होती. कमरेला नाडी, कासोटा आधीच शिवून टाकलेला, निऱ्या टाके घालून पक्क्या बसवलेल्या; विजारीसारखे पाय घालायचे आणि वर ओढायची, की नेसणे संपले. नात पाच फूट आठ इंच उंच आणि अंगाने शिडशिडीत. ती 'मध्यम' तिला कमरेत सैल झाली आणि घोट्याच्या वर चार बोटे आखूड पडली. 'मोठी' आणली असती तर उंची कदाचित साधली असती, पण कमरेत तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

घरातल्या बायका पिना शोधू लागल्या आणि आम्ही मात्र ते पाकीट हातात घेऊन बसलो. ज्या वस्त्राला पिढ्यान् पिढ्या माप नव्हतेच, त्याला आता माप आले होते. नऊ वार कापड दुकानातून निघे तेव्हा ते कोणाचेच नसे. उंच, ठेंगणी, कृश, स्थूल, कोवळी, म्हातारी, सर्वांना तेच. ते ज्या अंगावर जाई त्या अंगाचे होई. आज उलट झाले आहे. कापडाला आकार आधी दिला जातो आणि त्यात बसेल असे अंग नंतर शोधले जाते.

बायकांच्या वस्त्रांविषयी एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने लिहावे हे काही वाचकांना खटकेल. त्यांचा आक्षेप रास्तच आहे. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे.

वार म्हणजे छत्तीस इंच. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढे कापड अंगावर घेण्यात हिशेब असे, आणि तो प्रत्येकीचा निराळा असे. कमरेच्या वेढ्यात किती द्यायचे, निऱ्यांत किती घालायचे, पदराला किती सोडायचे हे नेसणारीने ठरवायचे. अंगाने भरलेल्या बाईचे कापड वेढ्यात अधिक जाई, म्हणून तिच्या निऱ्या कमी. सडपातळ बाईच्या निऱ्या भरघोस, त्यामुळे तिचा देह जरा भरून दिसे. पन्हा कमी असला तर उंच बाई वेढा थोडा खाली घेई. गर्भारपणात निऱ्या पोटाच्या खाली उतरत आणि बाळंतपणानंतर पुन्हा वर चढत. एकच लुगडे सोळाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी आणि साठाव्या वर्षी चाले. टाका उसवायला नको, टाका घालायला नको. निऱ्यांचा काठ पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला की पाय मोकळे राहत आणि अंगही झाकलेले राही. कनवटीला चार नाणी बांधता येत. शिंप्याची गरज लागे ती फक्त चोळीपुरती.

हा हिशेब देहाप्रमाणे बदले, तसाच कामाप्रमाणेही बदले. ब्राह्मणी पद्धतीत ओचा काढून निऱ्या घोट्यापर्यंत सोडत, कारण काम घरातले. कोळणीचे लुगडे गुडघ्याच्या जवळपास आणि कमरेशी घट्ट, कारण तिला पाण्यात आणि चिखलात उतरायचे. गोव्यातली कुणबी बाई आखूड, चौकडीचे कापड नेसे आणि खांद्यावर गाठ मारी. त्या गाठीला देठली म्हणतात. भाताच्या खाचरात वाकून लावणी करताना पदर सावरायला हात मोकळा नसतो, म्हणून ही गाठ. गोव्याचे वेशरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी या कुणबी साडीला पुन्हा लोकांपुढे आणले. २०२० साली ते निवर्तले. शांताल बूलांजे या फ्रेंच संशोधिकेने भारतभर हिंडून साडी नेसण्याच्या पद्धती नोंदवल्या आणि १९९७ साली त्यांचे पुस्तक केले, त्यात ऐंशीहून अधिक पद्धती आहेत. एवढ्या पद्धती कोणा राजाने हुकूम काढून ठरवल्या नव्हत्या.

नऊवारी ही मराठ्यांच्या घोडदौडीसाठी जन्मली, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. ऐकायला बरे वाटते, पण कासोटा त्याहून फार जुना आहे. पायांमधून मागे खोचलेले वस्त्र प्राचीन शिल्पांत स्त्री-पुरुष दोघांच्याही अंगावर दिसते. घोड्यावर बसायला तो सोयीचा पडला, हे खरे. घोड्यासाठी तो निर्माण झाला, हे मात्र खरे नव्हे. सोयीचे वस्त्र नव्या कामालाही सोयीचे पडते, इतकाच त्याचा अर्थ.

आणि जेथे ते सोयीचे पडत नाही, तेथे शहाणी माणसे त्यात बदल करतात. याचे आम्हांला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ च्या एप्रिलमध्ये, नुकतेच अठरावे वर्ष पुरे झालेली ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. आपला आहार आणि आपला वेष सोडणार नाही, असा तिचा निश्चय होता. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा निश्चयाला जुमानीत नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात. पुण्या-कल्याणच्या हवेत त्याचे काही वाटत नाही, बर्फात ते सोसवत नाही. शिवाय तिकडच्या सभ्यतेत स्त्रीची पोटरी दिसणे हीच मोठी असभ्यता. अशा वेळी आनंदीबाईंनी काय केले? झगा घातला नाही. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाय घोट्यापर्यंत झाकले गेले, आत उबेचे कपडे घालता आले, आणि साडी ती साडीच राहिली. १८८५ सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांच्या शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली या सहाध्यायिनी आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. एकविसाव्या वर्षी. वेषाविषयी त्यांना जे कळले होते ते आमच्यासारख्यांना साठी उलटल्यावर कळावे, याची खंत वाटते.

त्याच्या आधी काही वर्षे, याच मुंबई इलाख्यात आणखी एका तरुण स्त्रीने असाच विचार केला होता. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. १८६४ पासून त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबाद, कारवार, सातारा या गावांना त्यांचे नाव अपरिचित नाही. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी बंगालहून आल्या तेव्हा तिकडच्या बायकांची साडी अंगाला नुसती गुंडाळलेली असे. तिच्याखाली परकर-पोलके नसे. घराबाहेर पडण्याचा प्रघातच नव्हता, तेव्हा बाहेर पडण्याजोग्या वेषाची गरजही नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी स्त्रियांची साडी पाहिली, ती परकर-पोलक्यासह उचलली, आणि पदर डाव्या खांद्यावर घेतला म्हणजे उजवा हात मोकळा राहतो असे पाहून तेवढा फेरफार केला. १८७१ साली त्यांनी एका बंगाली मासिकात जाहिरात देऊन ही पद्धत शिकवण्याची तयारी दाखवली. न्यायाधीशाच्या पत्नीने नेसणे शिकवण्याची जाहिरात द्यावी, यातच त्या काळाची निकड दिसते. आज देशभर जी गोल साडी दिसते, तिच्या घडणीत या मुंबईच्या वास्तव्याचा वाटा आहे.

गोल साडी पसरली त्यात चित्रांचाही हात होता. राजा रविवर्मा यांनी १८८९ साली म्हैसूर दरबारसाठी वादकस्त्रियांचे जे मोठे चित्र काढले, त्यात अकरा स्त्रिया आहेत आणि त्या निरनिराळ्या प्रांतांच्या वेषांत आहेत. पुढे १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि साडीतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. पहिल्या चित्रात अकरा देह आणि अनेक वेष आहेत. छापील तसबिरींतून मात्र एकाच बांध्याची, एकाच प्रमाणबद्ध देहाची स्त्री लोकांच्या नजरेत भरली. आमच्या आजीच्या देवघरात अशीच एक लक्ष्मी होती. आजी चार फूट दहा इंच उंचीची. ती त्या लक्ष्मीला रोज हळदकुंकू वाही, पण तिच्यासारखे नेसण्याचा मोह तिला कधी झाला नाही.

वेष देहाला किती बदलू शकतो याची परीक्षा मराठी रंगभूमीवर झाली. बडोदे दरबारचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व हे पुरुष. पण त्यांचे नेसणे, त्यांचा पदर, त्यांची फुलांची वेणी घरंदाज बायका बारकाईने पाहत आणि तसे करू पाहत. ज्या देहाला स्त्रीचा घाट नाही, त्या देहावर लुगड्याच्या चुण्यांनी तो घाट निर्माण केला जात होता. त्याहून मोठे प्रमाणपत्र शिवण नसलेल्या वस्त्राला काय मिळणार?

आता बडोद्याकडे वळू. कारण आपल्यासारख्या संस्थानी मुलखांतल्या मराठी घरांचा या विषयातला खरा अध्याय तेथेच सुरू होतो.

१९११ च्या डिसेंबरात दिल्लीला पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. सारे संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी लडबडून आले असता सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात, अलंकारांवाचून पुढे गेले आणि त्रोटक मुजरा करून वळले. त्यावरून विलायतेतल्या वृत्तपत्रांत केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. त्याच दिल्लीत त्यांची एकोणीस वर्षांची कन्या इंदिराराजे हिची कूचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्याशी ओळख वाढली. तिचा वाङ्निश्चय ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांशी झालेला होता. तिने स्वतःच पत्र लिहून तो मोडला. ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांना ही कथा पाठ असेल आणि बडोद्याच्या वाचकांना ती निराळ्या तऱ्हेने पाठ असेल, म्हणून तिच्या खोलात शिरत नाही. १९१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनला विवाह झाला. १९२२ च्या डिसेंबरात जितेंद्रनारायण वारले आणि तिशीतल्या इंदिरादेवींवर मुलांचा आणि राज्याचाही भार आला.

विधवेने पांढरे नेसावे ही रीत. पण हिला राज्यकारभार पाहायचा होता, युरोपात वावरायचे होते, मेजवान्यांना बसायचे होते. जरीकाठाची रेशमी वस्त्रे जड आणि उकडणारी. सुती साडी समारंभाला साधी पडे. इंदिरादेवींनी फ्रान्सहून शिफॉनचे कापड साडीच्या पन्ह्याचे करून मागवले. हलके, गार, अंगाच्या रेषेबरोबर वाहणारे. शिफॉनच्या साड्या नेसण्याची सुरुवात आपल्या आईने केली, असे त्यांची कन्या गायत्रीदेवी हिने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. शिफॉन आणि मोती ही पुढे साऱ्या राजस्त्रियांची ओळख झाली. पण तिच्या मुळाशी एका तरुण विधवेची अडचण होती आणि त्या अडचणीतून तिने काढलेली वाट होती, हे नक्कल करणाऱ्यांच्या ध्यानात राहिले नाही. शिफॉन कृश आणि उंच देहाला खुलते. आमच्या लहानपणी इंदूरच्या लग्नसमारंभांत सरदार घराण्यांतल्या काही वयोवृद्ध, अंगाने भारदस्त बायका शिफॉन नेसून येत. इरकली लुगड्यात ज्या साक्षात अन्नपूर्णा दिसल्या असत्या, त्या शिफॉनमध्ये सारखा पदर ओढीत बसलेल्या दिसत. यापेक्षा अधिक लिहिणे शिष्टाचाराला धरून होणार नाही.

इंदिरादेवींची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो याच्याकडून त्या जोडे करवून घेत आणि त्यांवर जडवण्याचे मोती व हिरे स्वतःच्या खजिन्यातून पाठवीत. हा कारागीर आपल्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे करून ठेवी. माप म्हणजे असे. एका माणसाचे, त्याच्याच नावाचे. ज्याला परवडते त्याच्यासाठी साचा तयार होतो. ज्याला परवडत नाही त्याला चार मापांतून एक निवडावे लागते. नऊ वारांच्या लुगड्याने ही श्रीमंती गरिबातल्या गरीब बाईला दिलेली होती.

पुरुषांबद्दल थोडक्यात. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांची दोन चित्रे बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढली. पहिले १९२९ सालचे. त्यात एकवीस वर्षांचे महाराज काळ्या विलायती सांजपोशाखात उभे आहेत. दुसरे त्यानंतर चार-पाच वर्षांनी काढलेले. त्यात ते पगडी व मराठी दरबारी पोशाखात बैठकीवर आहेत. देह तोच, लांबट आणि नाजूक, आणि दोन्ही वेषांत तो तितकाच डौलदार दिसतो. कोणता वेष आपला आणि कोणता परका हा वाद त्या दोन चित्रांपुढे फिका पडतो. पगडीचेही तसेच. शिंदेशाही, होळकरशाही, पुणेरी हे घाट निराळे. पण पगडबंदाकडे डोक्याचे माप द्यावेच लागे.

याउलट आमची गोष्ट. शासकीय सेवेत आम्ही लागलो त्या सुमारास अधिकारी म्हटला की सफारी सूट, हे समीकरण ठरून गेले होते. इंदूरच्या क्लॉथ मार्केटातून राखी रंगाचे टेरिकॉट घेऊन आम्ही दोन सूट शिवले. आमची उंची बेताची आणि पोट तेव्हाच पुढे येऊ लागलेले. चार खिशांच्या त्या आखूड बाह्यांच्या कोटात आम्ही टपालपेटीसारखे दिसत असू, असे आमच्या पत्नीने फार पुढे सांगितले. मे महिन्याच्या दौऱ्यात त्या कापडाखाली अंगाला घामोळे येई. तरीही आम्ही तो वीस वर्षे घातला, कारण वरिष्ठ घालीत. ज्या माणसाने स्वतःच्या अंगावर एवढा अन्याय केला, तो दुसऱ्याच्या अंगावर करायला कचरणार नाही, हे उघड आहे.

आमच्या घरी नऊवारीवरून पहिला तंटा झाला तो १९५७ साली, म्हणजे आमच्या जन्माच्या आधी. आमची आत्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली होती. शाळा दोन मैलांवर. आत्या सायकलवरून जाई. तशी सायकल चालवायला कासोट्याचे लुगडे सोयीचे. पण शाळेतल्या बाकीच्या बाई पाचवारी नेसत आणि मुली आत्याला 'आजीबाई' म्हणत. शिवाय नऊ वारांचे धुणे-वाळवणे, आणि सकाळी नेसायला लागणारा वेळ. आत्याने गोल पातळ नेसण्याची परवानगी मागितली. आजी म्हणाली, "कासोट्याशिवाय बाई म्हणजे दाराशिवाय घर." आजोबांनी हिशेब मांडला, चार वार कापड वाचते. आजीला तो पटला नाही. १९४३ पासून कापडावर नियंत्रण आले आणि शिधापत्रिकेवर नऊ वार मिळेनासे झाले, त्या दिवसांतही तिने दोन तुकडे जोडून लुगडे नेसले होते. शेवटी तडजोड झाली. आत्याने बाहेर पाचवारी नेसावी. घरी येताच बाहेरच्या खोलीत ती सोडून लुगडे नेसावे आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकावे. आत्या पंधरा वर्षे दिवसातून दोनदा वेष बदलीत होती.

आमची आई आत्याच्याच वयाची. पण ती सून. तिच्यासाठी तडजोड नव्हती. ती नऊवारीतच राहिली आणि हळूहळू नऊवारी तिची झाली. आई ठेंगणी आणि रुंद बांध्याची. तिचे नेसणे इतके बेताचे असे, की ती जिना चढताना निऱ्यांचा काठ पायरीला कधी लागत नसे. हिवाळ्यात इरकली, उन्हाळ्यात माहेश्वरी. अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेल्या माहेश्वरच्या मागांवरचे गर्भरेशमी लुगडे, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा बुगडी काठ. चालताना तिच्या लुगड्याचा एक आवाज येई. तो आवाज आला की आम्ही भावंडे पुस्तके उघडीत असू.

१९८८ साली आमची एका जिल्ह्याच्या ठिकाणी बदली झाली. सरकारी बंगला मिळाला आणि आईला आम्ही बरोबर नेले. प्रजासत्ताक दिनी सायंकाळी अधिकाऱ्यांचे कुटुंबांसह चहापान असे. पहिल्या वर्षी आई नऊवारीत आली. तिला पाहून दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्यांतली एक आमच्या वरिष्ठांची पत्नी होती. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. घरी आल्यावर आम्ही आईला म्हणालो, "माई, इथे कोणी नेसत नाही हे. पुढच्या वेळी गोल साडी नेसशील का?" तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तुला बरं दिसत असेल तर नेसेन." दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिच्यासाठी तीन पाचवारी साड्या आणल्या. बावन्नाव्या वर्षी ती परकर बांधायला शिकली.

त्यानंतर ती पाचवारीच नेसली. ठेंगण्या, रुंद देहाला सहा टोकदार निऱ्या आणि पुढे उघडणारा घोळ कसा दिसतो, हे आम्हांला दिसत असूनही आम्ही पाहिले नाही. ती सावकाश चालू लागली. जिन्यावर हाताने साडी उचलून धरी आणि दुसऱ्या हाताने कठडा. वयाचा परिणाम, असे आम्ही समजलो. एकदा मात्र ती सुनेजवळ बोलली होती, "पायांत वारं शिरतं गं. उघड्यावर उभं असल्यासारखं वाटतं." २०११ साली आई गेली. तेरा दिवस झाल्यावर तिची ट्रंक उघडली. अकरा लुगडी निघाली, घडी घातलेली, मध्ये कडुनिंबाचा पाला. पाला जुना नव्हता. आम्ही पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "तुम्ही दौऱ्यावर गेलात की त्या नेसत. तुमची जीप फाटकात आली की बदलत."

तेवीस वर्षे. आत्याने जे आपल्या आईच्या धाकाने केले, ते आमच्या आईने आपल्या मुलासाठी केले.

ती अकरा लुगडी आम्ही कोणाला दिली नाहीत. गणेशोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी, पिनांनी काम भागेना तेव्हा, आमच्या पत्नीने ट्रंकेतले चिंचेच्या रंगाचे माहेश्वरी बाहेर काढले. पण नेसवणार कोण? पत्नीला येत नाही, लेकीला येत नाही. आत्याला फोन केला. आत्या आता एकोणनव्वद वर्षांची आहे. जिने पाचवारीसाठी घर डोक्यावर घेतले होते, तीच आता आमच्या कुळात नऊवारी नेसवू जाणणारी एकटी उरली आहे. भाच्याच्या मुलाबरोबर ती रिक्षाने आली. शिवलेली नऊवारी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही पिशवी कोणी आणली?"

मग तिने खुर्चीत बसूनच नेसवायला घेतले. नातीला गोल फिरवून उंचीचा अंदाज घेतला, कापडाचे टोक सोडले, पुन्हा धरले. "उंच आहेस. ओचा नको काढायला, कापड पुरणार नाही. वेढा खाली घे. अजून खाली. कमरेला बारीक आहेस, निऱ्या दोन जास्त घालू." आम्ही दाराबाहेर होतो, नंतर हाक आली तेव्हा आत गेलो. लुगडे घोट्याशी बरोबर बसले होते. नातीने दोन पावले टाकली, मग वाकून पाहिले, मग पाय उचलून पाहिला.

"आत्याआजी, याच्यावर स्कूटर चालवता येईल?"

"सायकल चालवलीये मी," आत्या म्हणाली. "पदर तेवढा खोच."